कराळला नवा लेखक

डाव्या हाताची करंगळी तेवढी राहिली होती. तिने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, नेलकटर बसवला आणि दाबला. नखाचा तुकडा उडाला आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर, नेमका एका तरुण कादंबरीकाराच्या कपाळावर जाऊन पडला. पान रविवारच्या पुरवणीचे होते. वर ठळक मथळा होता, 'कराळला पुढे कोण नेणार?' आणि त्याखाली आजच्या सहा लेखकांचे फोटो. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी, हा का योग्य, ही का योग्य.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"तुमचा हात हलका आहे हो, बाई."

पंचेचाळीस वर्षे 'अगं' म्हणणारा माणूस गेल्या वर्षापासून तिला 'बाई' म्हणत होता, तेही अगदी अदबीने. सुरुवातीला तिला ते लागायचे. आता लागत नव्हते. बसून बसून बधिरलेल्या पायाला चिमटा काढला तर काढल्याचे कळते, दुखत मात्र नाही. तिचे एकंदर तसे झाले होते. तिने सहाही लेखक नखांसकट गुंडाळले आणि केराच्या डब्यात टाकले. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात संपादक उभा होता. उंच, किडकिडीत, मान किंचित पुढे काढून चालणारा. पंधरा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा हस्तलिखित घेऊन आला तेव्हा पानापानाला चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, म्हणून यांनी त्याचे नाव 'टाचणी' ठेवले होते. नाव ठेवणारा ते विसरून गेला होता. तिच्या मनात मात्र तो अजून टाचणीच होता.

"काका, ओळखलंत का?" त्याने बसता बसता विचारले.

"आपण?"

"मी पुस्तकं छापतो."

"वा! खपतात का?"

"तुमची खपायची."

"माझी?" ते हसले. पाहुण्याच्या विनोदाला माणूस हसतो, तसे.

त्यांनी कराळवर सत्तावीस पुस्तके लिहिली होती. उत्तरेच्या बर्फातून उतरलेला रानटी कराळ, ज्याला शहरांचे कायदे कळत नसत आणि बंद दारे खपत नसत. मुलांनी ती पुस्तके बाकाखाली धरून वाचली, मोठ्यांनी कचेरीच्या खणात लपवून. हा कराळ ज्यांच्या डोक्यातून निघाला ते गृहस्थ रस्त्यात कुत्रे दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जात, आणि बरणीचे झाकण उघडायला बायकोला हाक मारत. ती शाळेत भूगोल शिकवायची. सत्तावीस पुस्तकांतले सगळे नकाशे तिच्या हातचे होते. नदी कुठे वळते हे त्यांच्या कधीच लक्षात राहत नसे. "अगं, खिंडीतून उतरला की उजवीकडे काय लागतं?" असे ते दारात येऊन विचारायचे आणि ती वह्या तपासता तपासता सांगायची.

अठ्ठाविसावे पुस्तक आलेच नाही. कराळ चार वर्षे मिठाच्या मैदानाच्या तोंडाशी उभा होता.

टाचणीने पिशवीतून चार फाइली काढून टेबलावर ठेवल्या. निळी, पिवळी, हिरवी आणि एक साधी पांढरी.

"चारच? पेपरात तर सहा होते," ती म्हणाली.

"पेपरवाले ज्यांचे फोटो बरे येतात ते निवडतात काकू. निळी आणि पिवळी त्या सहांतल्या आहेत, बाकीच्या दोन नाहीत. कोणती कोणाची ते सांगणार नाही. नाव दिसलं की माणूस नावच वाचतो." त्याने फाइलींच्या कडा जुळवल्या. "करारात तसं आहेच, काकांना जमेनासं झालं तर तुम्ही ठरवायचं. तुम्ही नको म्हणालात तर इथंच थांबवू. पण वाचा. आणि काकांनाही वाचून दाखवा."

"त्यांना काय कळणार?"

"नाही कळलं तर नाही कळलं."

जाताना तो पांढऱ्या फाइलीकडे एकदा बघून गेला. तिच्या ते लक्षात आले, पण मनात राहिले नाही. हल्ली तसेच व्हायचे.

मुलीचा फोन आला तेव्हा तिने तिला सांगितले.

"आई, बंदच करून टाक ना ते," मुलगी म्हणाली. "नाहीतर सरळ पेपरातल्या त्या बक्षीसवाल्याला दे. निदान बाबांचं नाव चांगल्या हातात राहील."

"बघते."

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

हे वाक्य पूर्वी ती ठसक्यात म्हणायची. आता नुसतेच म्हणाली.

दुपारी तीनला चहा झाल्यावर तिने निळी फाइल उघडली. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, पाय समोरच्या तिवईवर टाकून. तिने शाळेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. वाक्ये लांब होती, एकेक अर्ध्या पानाची, आणि देखणी. कराळ एका ओसाड मनोऱ्यावर उभा राहून मृत्यूविषयी विचार करत होता. पान उलटले, तो विचारच करत होता. खाली शत्रू जमले होते, त्यांनाही बहुधा कंटाळा आला असावा. तिने वर पाहिले तर यांचा डोळा लागला होता. ती तरीही वाचत राहिली. सुरू केलेले काम अर्धे टाकायची तिला सवय नव्हती.

तिसऱ्या पानावर ते जागे झाले.

"मेला का तो?"

"नाही. विचार करतोय."

"मग मेल्यातच जमा," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पिवळी. ही सुसाट होती. पहिल्याच ओळीत दार फुटले, दुसऱ्यात एक डोके. घोडेस्वार आले, छप्पर पेटले, कराळने तुळई उचलून फेकली. वाचता वाचता तिलाच धाप लागली. ते पुढे वाकून ऐकत होते. प्रकरण संपले तसे त्यांनी विचारले,

"घोडे कुठं गेले?"

"कोणते घोडे?"

"एवढी माणसं घोड्यांवरून आली ना? माणसं मेली. घोड्यांचं काय झालं?"

तिने पाने मागे चाळली. घोडे खरेच कुठे नव्हते. स्वार पायउतार झाले त्या ओळीपाशी लेखकाने त्यांना सोडले होते ते सोडलेच.

"लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"आग लागलीय, आणि घोडे बांधलेले," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते अस्वस्थ होते. दोनदा उठून दार बघून आले.

तिसऱ्या दिवशी हिरवी. ही सगळ्यांत छोटी, जेमतेम अकरा पाने. हिच्यात कराळ म्हातारा झाला होता आणि त्याची दाढ दुखत होती. सुजलेला गाल धरून तो एका गावात येतो. तिथे जनावरांचे दात काढणारी एक बाई असते. ती म्हणते, रेड्यासारखा दिसतोस, ओरडणार पण रेड्यासारखाच का? तो म्हणतो, मी एकट्याने सात पहारेकरी मारलेत. ती म्हणते, त्यांना दात काढता येत होते का?

ते हसले. मोठ्याने, खांदे हलवून. तिने वाचायचे थांबून त्यांच्याकडे पाहिले आणि पुन्हा वाचू लागली. शेवटी बाई चिमटा निखाऱ्यात धरते, कराळ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात आपले डोके देतो, आणि बाहेर कुत्री भुंकायला लागतात. तिथेच पान संपत होते.

"पुढं?"

"संपलं."

"असं कसं संपेल? बाहेर कोण आलंय?"

"लिहिलेलं नाही अजून."

"मग लिहायला सांगा की!"

जेवताना त्यांनी पुन्हा विचारले, दाढ निघाली का म्हणून. निघाली, असे तिने सांगून टाकले. त्यांनी समाधानाने मान हलवली. सत्तावीस पुस्तके होईपर्यंत घरात पुढे काय होणार हे विचारायचे काम तिचे होते. तिने ते ताटाकडे बघता बघता आठवले, आणि ताट उचलले.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला तिने त्यांना नेहमीप्रमाणे टेबलाशी बसवले. तीस वर्षांचा शिरस्ता होता तो. नऊ ते बारा दार बंद, आत ते, बाहेर ती. फोन ती घ्यायची, आल्यागेल्याला ती थोपवायची. शाळा दुपारची मागून घेतली होती ती त्यासाठीच. लोक म्हणायचे, अशी बायको मिळायला भाग्य लागतं. आजाराचे निदान झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोजचा क्रम मोडू नका. म्हणून अजूनही नऊला टेबल, दोन टोक केलेल्या पेन्सिली, कोरे कागद. ते कागदांची चळत सरळ करत, पेन्सिल हातात घेत, खाली ठेवत. बारा वाजता ती दार उघडायची.

तीन वाजता तिने पांढरी फाइल उघडली.

मिठाचे मैदान होते. कराळ चालत होता. वाक्ये आखूड, स्वच्छ, कुठे खाचखळगा नाही. पहिला मुक्काम. दुसरा मुक्काम. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले, 'मैदान सात मुकामांचे आहे, आठव्याला पाणी पुरत नाही,' आणि तिचा आवाज एक क्षण थांबला.

सात मुक्काम. हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. मैदानाचा नकाशा तिने काढला होता, पण तो छापला गेला नव्हता. कपाटात गुंडाळून ठेवला होता. हा आकडा तिने सांगितला होता, या खोलीच्या दारात, एका माणसाला. आणि 'मुक्काम'मधला क तो एकच माणूस खायचा. तिने आयुष्यभर तो लाल शाईने दुरुस्त केला होता.

ती वाचत राहिली. तिसरा मुक्काम, चौथा. कराळ चालत होता. त्याला कोणी भेटत नव्हते. तो तलवार पुसत होता, पुन्हा म्यानात घालत होता.

"थांबा, बाई," ते म्हणाले.

ती थांबली.

"ह्याला कंटाळा आलाय."

"कराळला?"

"नाही हो. लिहिणाऱ्याला." ते डोके कलते करून, पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकावा तसे ऐकत होते. "हात बसलाय त्याचा. वाक्य कुठं पडत नाही. पण दमलाय बिचारा. बघा ना, चालवतोय नुसता त्याला. कुठंतरी न्यायचं म्हणून चालवत नाही, थांबता येत नाही म्हणून चालवतोय." मग तिच्याकडे वळून, खरोखरीच्या काळजीने म्हणाले, "घरचं कोणी नाही का त्याला? बस कर म्हणून सांगणारं?"

तिने पाने गोळा केली. ती फाइलीत बसेनात. कोपरे दुमडत होते. तिने ती टेबलावर आपटून सरळ केली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"बाई?"

"आहे ना," ती म्हणाली. "आहे घरचं."

शेवटची दोन-तीन वर्षे ते सकाळी टेबलाच्या खोलीत शिरण्याआधी दाराशी घुटमळायचे. आज नको वाटतंय गं, म्हणायचे. ती म्हणायची, दोनच पानं लिहा, बसलात की सुचेल. मग ते बसायचे. तिने त्याला आधी आळस म्हटले, मग वय म्हटले, आणि पुढे आजाराचे नाव कळल्यावर सगळे खापर आजारावर फोडून ती मोकळी झाली होती. तिने ते सगळे आता ओळीने आठवून पाहिले. रडू येईल असे वाटले. आले नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहाचे दोन कप विसळले आणि पालथे घातले, आणि मग ते आधीच धुतलेले होते हे तिच्या लक्षात आले.

पाचव्या दिवशी टाचणी आला. ते आत झोपले होते. तिने पांढरी फाइल त्याच्यासमोर ठेवली.

"ही कुठून आली?"

तो खुर्चीच्या कडेवर बसला. "पोष्टानं. चार वर्षं झाली. बरोबर चिठ्ठी होती." ती त्याच्या पाकिटात होती, घडीवर घडी घातलेली. त्याने ती तिला दिली.

अक्षर अजून शाबूत होते तेव्हाचे. 'एवढे शेवटचे. यापुढे कराळसाठी दुसरा माणूस बघा. घरी बोलू नका, तिला वाईट वाटेल.'

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणजे ते स्वतः पोष्टात गेले होते. वाटेत कुत्री असतील. ती बाजारात गेली असेल तेव्हा.

"तुम्ही काय केलंत मग?"

"फोन केला त्यांना. म्हटलं, काका, असं कसं, लोक वाट बघतायत. हे पुरं तर करा." त्याने चष्मा काढून पुसला. "ते बरं म्हणाले."

"बरंच म्हणायचे ते."

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिचा टूंटूं आवाज येत राहिला आणि थांबला.

"मला वाटलं, तुम्ही ओळखाल," तो म्हणाला. "आणि म्हणाल, हीच छापा, त्यांचं शेवटचं म्हणून. मग मला जरा..."

"हलकं वाटेल."

"हो."

"नाही छापायची."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही.

"हिरवी कोणाची?" तिने विचारले.

"गुरांची डॉक्टर आहे. मासिकात चार गोष्टी आल्यात, बस. खरं सांगू का काकू, आमच्याकडं सगळ्यांना निळी हवीय."

"तो बक्षीसवाला ना? ओळखलं. बक्षिसाची सवय लागलेलं वाक्य लगेच कळतं." तिने हिरवी फाइल उचलून त्याच्या हातात दिली. "हिला द्या. आणि करारात एक कलम घाला."

त्याने पेन काढले.

"कंटाळा आला की तिनं थांबायचं. कोणत्याही पानावर. कारण विचारायचं नाही."

"असं कलम नसतं, काकू."

"मग घाला. आणि फोनही करायचा नाही."

तो खाली मान घालून लिहीत होता. शेवटचे वाक्य लिहायला त्याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आठवड्याने तो डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. पस्तिशीची, रुंद हाडाची, कामावरून तशीच आलेली. रबरी बूट तिने दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर आत आली. मनगटावर ओरखडे होते. यांना तिच्या ओरखड्यांचे फार कुतूहल वाटले.

"कुत्र्यांचंही करता?"

"करते की."

"चावतात?"

"कधी कधी."

"मग?"

"मग पुढच्या खेपेला जरा हळू जाते."

हे त्यांना पटले. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. कागद समोर आल्यावर तिने सह्या केल्या, डॉक्टरीणबाईंनी केल्या. ते कलम वाचताना डॉक्टरीण थबकली, तिने टाचणीकडे पाहिले, टाचणीने खिडकीकडे पाहिले.

मग तिने डॉक्टरीणबाईंना नकाशांची गुंडाळी दिली. सत्तावीस छापलेले, एक न छापलेला.

"मैदानाला सात मुक्काम आहेत," ती म्हणाली. शाळेतला आवाज आपोआप लागला होता. "बाकी तुमचं तुम्ही बघा."

"काकू, तो शेवटी मरतो का? त्यांनी काही ठरवलं होतं?"

"मला नाही बोलले."

"मग मी नाही मारत एवढ्यात. आधी दाढ काढू दे."

ती दोघे गेली. जिन्यावरून पावले उतरत गेली, खालचे फाटक वाजले. ती परत आली तेव्हा ते खुर्चीत, पाय तिवईवर टाकून, खिडकीतून त्यांना जाताना पाहत होते.

"चांगली माणसं होती," ते म्हणाले. "कशाला आली होती?"

"एक काम सोपवायचं होतं त्यांच्याकडं."

"कोणाचं?"

"तुमचं."

त्यांनी विचार केला. कपाळावर आठ्या आल्या, पूर्वी नदी कुठे वळते ते आठवताना यायच्या तशा.

"मग मी आता काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, ऐकलेले बरोबर ऐकले की नाही याची खात्री करून घेत असल्यासारखे. मग त्यांनी चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि मान मागे टेकली. खांदे खाली आले. किती खाली आले ते पाहून, ते इतकी वर्षे केवढे वर धरलेले होते हे तिला कळले.

ती तशीच उभी होती. संध्याकाळच्या गोळ्या सहाला होत्या, आत्ता चारही वाजले नव्हते. त्यांनी डोळे न उघडता पाय आखडून घेतले आणि समोरच्या तिवईवर जागा केली.

"बसा ना, बाई," ते म्हणाले. "तुम्हीही दमला असाल."

ती बसली.